हळकुंडं दळून आणावीत की तयार पूड घ्यावी?

उन्हाळ्याच्या तोंडावर सांगलीच्या बाजारात नवी हळद आली की वर्षाच्या साठवणीचं ठरवावं लागतं. घरात चार माणसं आणि रोजचा स्वयंपाक असेल, तर हळकुंडंच घ्या असं मी ठामपणे सांगेन. एकट्यादुकट्याने एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना आणि आगमार्क (शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का) बघून तयार पुडीचं छोटं पाकीट आणावं; त्याला हळद लागते ती किती!

हळकुंडात माल डोळ्यांसमोर असतो. एक मोडून बघा. नीट वाळलेलं हळकुंड कट्‌कन तुटतं, आतून एकसारखं गर्द केशरी-पिवळं दिसतं. वाकलं, तर ओल राहिलेली असते आणि डब्यात बुरशी धरते. वरून झगमगीत पण आत फिकं असेल, तर ग्लासभर पाण्यात टाका. लगेच पिवळाजर्द रंग सुटला, तर तो माल घरात नको. लेड क्रोमेट हा शिशाचा रंग हळकुंडांना चोळला जातो, हे 2019 साली बांगलादेशातल्या संशोधनातून पुढे आलं, आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. पुडीत मिसळलेला रंग नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून सुटी पूड कधीच घेऊ नका.

हळकुंडांना कष्ट आहेत, हे खरं. खलबत्त्यात तुकडे करायचे, कडक ऊन द्यायचं, मग मसाल्याच्या गिरणीत न्यायचं. मिरचीच्या घाण्यानंतर लगेच दळू देऊ नका, हळदीला तिखट लागतं. दळायचीही तीन-चार महिन्यांपुरतीच, कारण पुडीचा वास लवकर उडतो. उरलेली हळकुंडं वर्षभर सहज टिकतात.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याआधी 2016 मध्ये. वायगावची मिळाली तर जरूर घ्या, तिचा रंग गर्द असतो.

औषध म्हणून घ्यायची असेल, तर हिशेब वेगळा. हळदीत कुरकुमीन, म्हणजे तिचा मुख्य गुणकारी घटक, साधारण तीन टक्के, म्हणजे चमचाभर (तीन ग्रॅम) पुडीत जेमतेम 90 मिलिग्रॅम, आणि तेही अंगी फार कमी लागतं. मिऱ्यातल्या पिपरीनने ते जास्त शोषलं जातं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. घसा धरल्यावर हळद-दूध खुशाल प्या, त्यात मिऱ्याची चिमूट टाका. कुरकुमीनच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. त्यांत मात्रा कितीतरी जास्त असते आणि त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

मुक्या मारावर उगाळून लावायची ती आंबेहळद. ती वेगळी वनस्पती आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून वेगळी मागून घ्या आणि फोडणीच्या डब्यात मिसळू नका.