यंत्रमागाच्या भागांतून वाद्य करून घेताना: सोलापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या कामाचा रिव्ह्यू

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करणारी आणि जोडीला लेथकाम घेणारी छोटी वर्कशॉप आहेत. त्यांतल्या एकाकडून, बहुतेक मागाच्याच सुट्या भागांचं, मोटरवर चालणारं वाद्य करून घेतलं. हा रिव्ह्यू त्या कामाचा. निकाल आधीच सांगतो: शाफ्ट, बेअरिंग, डॉबी (कधी कोणते धागे उचलायचे ते ठरवणारी मागाची यंत्रणा) आणि लिव्हर या कामाला पैकीच्या पैकी गुण. चाकाला निम्मे. तारा आणि संरक्षक जाळी मात्र त्यांच्यावर सोपवू नये.

वाद्याची रचना अशी. राळ लावलेलं १८० मिलिमीटर व्यासाचं लाकडी चाक फिरतं आणि त्यावर तीन पोलादी तारा घासून सतत सूर देतात. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरून मागाची डॉबी चालते आणि ती चार हातोड्यांनी पाइपांवर ताल धरते. चाकावर तार घासण्याची कल्पना जुनी आहे. युरोपातलं हर्डी-गर्डी हेच करतं, आणि लुईजी रुसोलो यांनी १९१३ पासून बांधलेल्या आवाजाच्या पेट्यांतही हँडल, चाक, तार आणि टोकाला ताणलेला पडदा हाच सांगाडा होता. त्याला डॉबी जोडायची तर सोलापूरसारखं गाव नाही, कारण ती उघडून पुन्हा बसवणारा जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) इथे शोधावा लागत नाही.

दोन्ही यंत्रणा एकाच शाफ्टवर बसतात, त्यामागे साधं गणित आहे. मागात डॉबी खालच्या शाफ्टवरून चालते आणि त्या शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन पिक, म्हणजे धोट्याने टाकलेले दोन आडवे धागे, पडतात. १४४० आरपीएमची मोटर आणि १:३० चा वर्म गिअरबॉक्स घेतला की शाफ्ट ४८ आरपीएमने फिरतो, म्हणजे मिनिटाला ९६ पिक. एक पिक म्हणजे एक मात्रा धरली तर ही आरामशीर मध्यलय झाली. त्याच वेगात चाकाच्या कडेची गती सेकंदाला ४५ सेंटिमीटर येते. तारेवर गज ओढायलाही साधारण एवढीच गती सोयीची असते. वेगळी पुली नको, दुसरी मोटर नको. हा मेळ वर्कशॉपच्या मिस्त्रींना एकदा कागदावर दाखवला की पुढचं काम ते आपणहून बरोबर करतात.

डॉबी दुहेरी लिफ्टची, १६ जॅकची (जॅक म्हणजे उचलणारा दांडा), भंगारातली घेतली. असा माल किलोवर मिळतो. घेताना फ्रेमचे कोपरे रॉकेलने पुसून पाहावेत. बिडाच्या फ्रेमला जुनी वेल्डिंग दिसली तर ती सोडून द्यावी, कारण हातोड्यांच्या धक्क्याने तडा तिथूनच पुढे सरकतो. या डॉबीत एका लाकडी लॅगवर (साखळीत ओवलेल्या, खुंट्या लावायच्या पट्टीवर) भोकांच्या दोन ओळी असतात, म्हणजे एक लॅग दोन मात्रांचा. सोळा मात्रांच्या तीनतालाला आठ लॅग पुरतात, पण तेवढी साखळी आखूड पडून सिलिंडरवर ताणते. म्हणून दोन आवर्तनं, सोळा लॅग लावावेत. १, ५, ९, १३ या चारही मात्रा विषम, त्यामुळे खुंट्या १, ३, ५, ७ क्रमांकाच्या लॅगच्या पहिल्याच ओळीत येतात. नवव्या मात्रेची, म्हणजे टाळी नसलेल्या ‘खाली’ची खुंटी हलक्या हातोडीच्या जॅकवर द्यावी. रूपकाच्या सात मात्रा विषम असल्याने दुसरं आवर्तन दुसऱ्या ओळीतून सुरू होतं. चौदा लॅगांत चार आवर्तनं बसतात.

इथे दोन अडचणी येतात आणि त्या आधी सांगितल्या नाहीत तर पैसे वाया जातात. पहिली: एकाच जॅकला लागोपाठ दोन मात्रांवर खुंटी दिली, तर दुहेरी लिफ्टची डॉबी तो जॅक वरच धरून ठेवते. कापड विणताना हा तिचा गुण आहे, वई (ताण्याचे धागे उचलणारी चौकट) उगाच खाली-वर होत नाही. वाद्यात मात्र दुसरा ठोका पडतच नाही. लागोपाठचे ठोके हवे असतील तर दोन जॅक आणि दोन हातोड्या घेऊन आलटून-पालटून खुंट्या द्याव्या लागतात.

दुसरी अडचण जॅकच्या चालीची. जॅक हळू उचलतो. हातोडी त्याला थेट बांधली तर ती पाइपला टेकते, वाजत नाही. त्यासाठी मधे सुटका लागते: जॅक हातोडीला स्प्रिंगच्या विरुद्ध मागे ओढतो आणि शेवटच्या ५ मिलिमीटरमध्ये एक खटका तिला सोडतो. वर्कशॉपने हे खटके २५×६ च्या पट्टीतून अतिशय नेटके केले, चारही एकाच क्षणी सुटतात. पहिला जोड साध्या एमएसचा (मऊ पोलादाचा) होता आणि त्याची धार लवकर गोल झाली. धार गोल झाली की हातोडी उशिरा सुटते आणि ताल ओढल्यासारखा वाटतो. ईएन-२४ पोलाद घेऊन, टोक कडक करून दुसरा जोड दिला, तो टिकला. कडक करण्याचं काम ते बाहेरून करून आणतात, तेवढे दिवस धरून चालावं. विसाव्यात हातोडी पाइपपासून ३ मिलिमीटर दूर हवी, नाहीतर ती सूर दाबते. हातोडीच्या तोंडाला म्हशीच्या कातड्याचा जुना पिकर कापून बसवला, ही सूचना मिस्त्रींचीच. धोट्याला वर्षानुवर्षं फटके देऊन घट्ट झालेलं ते कातडं नायलॉनपेक्षा भरीव ठोका देतं, आणि खटखट कमी होते.

आता चाक. वर्कशॉपने ते सागाच्या एकाच फळीतून कातलं. दिसायला देखणं, पण चूक. फळी रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगते-आकसते, त्यामुळे पावसाळा लागला की चाक लंबगोल होतं. शिवाय ते वेगळ्या मँड्रेलवर (कातताना धरायच्या दांड्यावर) कातून मग शाफ्टवर चढवलं होतं. डायल गेज लावला तर चाक ०.४ मिलिमीटर मारत होतं, म्हणजे कड तेवढी आत-बाहेर होत होती. हे मागाच्या कामात कुणी विचारात घेणार नाही, तारेला मात्र ०.१ च्या वर चालत नाही. चाक मारलं की प्रत्येक फेऱ्याला आवाज फुगतो आणि बसतो. ऑर्डर अशी द्यावी: १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या दोन चकत्या, एकमेकींशी ४५ अंशांत फिरवून चिकटवलेल्या, फ्लँजच्या हबला चार बोल्टने पक्क्या, कडेवर शिसवाची दीड मिलिमीटरची पट्टी, आणि शेवटची कातणी चाक स्वतःच्या शाफ्टवर, स्वतःच्या बेअरिंगमध्ये बसल्यावरच. २० मिलिमीटरचा शाफ्ट आणि दोन यूसीपी-२०४ बेअरिंग ब्लॉक पुरेसे आहेत. शाफ्टचं फिनिश आणि की-वे त्यांनी निर्दोष दिले.

तार चाकाला जिथे टेकते तिथे कापूस गुंडाळावा लागतो, नाहीतर ती किंचाळते. सूतगिरणीचा पेळू उत्तम, पण निव्वळ कापसाचा. पॉलिस्टर मिसळलेला पेळू राळ धरत नाही. चिमूटभर तंतू ओढून, चाक घासताना ते ज्या दिशेने ओढतं त्याच दिशेने पातळ गुंडाळायचे. उलट गुंडाळले तर चाक ते उलगडून टाकतं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात राळ चिकट होते, तेव्हा निम्मी लावावी.

तारांचा प्रकार आणि ताण आपणच ठरवावा. वर्कशॉपने सुचवलेली बांधायची जीआय (जस्त चढवलेली) तार सुरात थांबत नाही, ती लांबतच राहते. पियानो वायरच घ्यावी. ६५० मिलिमीटर लांबी आणि ०.७ मिलिमीटर जाडी धरली तर काळी एकच्या खालच्या सा ला सुमारे १० किलो ताण येतो, पंचमाला २२, वरच्या सा ला ४०. म्हणजे सांगाड्यावर सतत ७० किलोच्या पुढे भार. जाड तार सुरक्षित हा समज चुकीचा आहे: तीच लांबी आणि तोच सूर ठेवला तर जाड तारेतही प्रति चौरस मिलिमीटर ताण तेवढाच राहतो, फक्त सांगाड्यावरचा भार वाढतो. १ मिलिमीटरची तार वरच्या सा ला ८० किलोच्या वर ओढते. पंढरपूर भागातल्या भोपळ्यावर मिरजेचे कारागीर तंबोरे करतात, पण या वाद्याला तो भोपळा लावू नये. हातोड्यांचा हादरा तो सोसणार नाही. १८ मिलिमीटर प्लायची पेटी करावी. तारेच्या दोन्ही टोकांना कापडी पट्टी सैल ओवून ठेवावी, म्हणजे तुटलेली तार चाबकासारखी उडत नाही. सूर लावताना गॉगल हवाच.

मागाची जुनी मोटर ४१५ व्होल्टची, आत स्टार जोडणीची होती. घरच्या सिंगल फेजवर ड्राइव्हने (मोटरचा वेग बदलणाऱ्या पेटीने) चालवायची तर ती उघडून डेल्टा करावी लागते. वाइंडरने ते चोख केलं. ड्राइव्ह ३० ते ६० हर्ट्झमध्येच ठेवावा, म्हणजे मिनिटाला ५८ ते ११५ मात्रा. त्याखाली चाकाचा सूर फाटतो आणि मोटरचा पंखाही तिला थंड ठेवत नाही.

सुरक्षेबाबत वर्कशॉप कमी पडलं. मागाजवळ वावरणाऱ्या माणसांना उघड्या शाफ्टचं भय उरलेलं नसतं. हबचा ग्रब स्क्रू बाहेर डोकावत होता. ओढणी किंवा सदऱ्याची बाही गुंडाळायला तेवढं पुरतं. तो बुडीत बसवून घ्यावा. डॉबीच्या चाकूंभोवती, म्हणजे जॅक ओढणाऱ्या हलत्या पट्ट्यांभोवती, जाळी हवी, आणि बोट जाळीतून गेलं तरी चाकूपर्यंत पोचणार नाही इतक्या अंतरावर हवी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्म गिअरबॉक्स शाफ्टकडून सहसा उलटा फिरत नाही. बोट अडकलं तर नुसता लाल बटणाचा स्टॉप दाबून ते सुटणार नाही. मोटरच्या मागच्या टोकाला हाताने फिरवायचं छोटं चाक बसवून घ्यावं, आणि वाजवणाऱ्याखेरीज आणखी एकाला ते कुठल्या दिशेला फिरवायचं हे ठाऊक असावं. मागाची धोटा फेकणारी पिकिंग यंत्रणा वाद्यात घालायचा मोह अनेकांना होतो, कारण तिचा फटका जबरदस्त असतो. ती घेऊ नये. धोटा उडाला तर काय होतं ते इथल्या कुठल्याही कामगाराला विचारावं.

काम वेळेत मिळालं. मजुरी तासावर लावतात, म्हणून मापांचं रेखाचित्र घेऊनच जावं; तोंडी सांगितलेलं काम दोनदा होतं आणि दोन्ही वेळचे पैसे पडतात. डिलिव्हरी घेताना डायल गेज सोबत न्यावा आणि चाक तिथेच, त्यांच्यासमोर फिरवून पाहावं. ०.१ च्या वर निघालं तर त्याच बेअरिंगवर पुन्हा कातून देतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.