जुलैतली बाइक टूर: रेनसूट, आतलं लायनर की गोर-टेक्स?

ताम्हिणीतून माणगावला उतरायचं, ६६ नंबरच्या हायवेने सावंतवाडी गाठायची आणि आंबोली चढून कोल्हापूरमार्गे परत यायचं. भर जुलैत असा बेत ठरला की पावसाच्या कपड्यांवर किती खर्च करायचा, यावर हमखास वाद होतो. मला विचाराल तर इथल्या पावसासाठी रायडिंग जॅकेटवरून घालायचा, शिवणींना आतून टेप लावलेला टू-पीस रेनसूट घ्यावा. साधारण ४ ते ६ हजारांत चांगला मिळतो. त्याहून स्वस्त आणि त्याहून महाग पर्याय आहेतच, पण दोन्हींबद्दल गैरसमज फार.

रस्त्याकडेला टांगलेले ५००-१००० रुपयांचे पीव्हीसी रेनकोट ऑफिसला जायला पुरतात. त्यांच्या कापडातून पाणी येत नाही, हे खरंच. पाणी येतं मानेतून, पुढच्या बटणांमधून आणि पँटच्या बैठकीतून. बाइक ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर पाऊस समोरून आपटतो, छातीवरून ओघळतो आणि टाकी नि मांड्यांच्या बेचक्यात साचतो. वरून आपला भार, आणि खाली नेमक्या चार शिवणी एकत्र आलेल्या. तासाभरात तिथून पाणी आत येतंच. पँट गरम सायलेन्सरला टेकली की भोक पडतं ते वेगळं. जुन्या पद्धतीचा जाड रबरी रेनकोट याहून कितीतरी बरा, पण जड आणि आतून घामाने निथळणारा. पंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल झूल-रेनकोट, मात्र बाइकवर नकोच. त्याचा फडफडणारा घेर चेनमध्ये किंवा मागच्या चाकात अडकू शकतो.

खरी निवड पुढच्या तिघांत आहे. बऱ्याच टूरिंग जॅकेटसोबत आत लावायचं वॉटरप्रूफ लायनर येतं आणि दुकानदार सांगतो, ‘वेगळा रेनसूट कशाला?’ कागदावर पटतं. घाटात पाऊस आला की मात्र रस्त्याकडेला उभं राहून जॅकेट काढायचं, चेन आणि बटणं लावत लायनर बसवायचं, तोवर आतला टीशर्ट भिजलेला. शिवाय लायनर आत असल्याने बाहेरचं जॅकेट पाणी पीत राहतं. ते जड होतं, आणि वाऱ्याने त्यातलं पाणी सुकताना अंगातली ऊब ओढून घेतं. आंबोलीच्या माथ्यावर ढगात शिरलात की हा फरक बोटांना कळतो. थंडीने आखडलेली बोटं क्लच-ब्रेकवर उशिरा वळतात, आणि ओल्या वळणावर तेवढा उशीरही महाग पडतो. रात्री लॉजवर लायनर कोरडं असतं, पण जॅकेट सकाळपर्यंत वाळत नाही. कोकणातल्या जुलैत काहीच वाळत नाही म्हणा. जोरदार सरींपुरतं लायनर ठीक, दिवसभराच्या संततधारेत नाही.

आता गोर-टेक्स आणि त्या जातीची मेम्ब्रेनची, म्हणजे बारीक छिद्रांच्या पातळ पापुद्र्याची, जॅकेटं. त्यातली भारीतली जॅकेटं तीन थरांची असतात, म्हणजे मेम्ब्रेन बाहेरच्या कापडालाच चिकटवलेलं असतं. त्यामुळे जॅकेट पाणी धरत नाही, आणि वरून काही चढवावंही लागत नाही. मेम्ब्रेनची छिद्रं पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि घामाची वाफ बाहेर सोडतात. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. चिपळूणला जुलैत हवा वाफेने आधीच तुडुंब असते, त्यामुळे ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तोच तिथे अर्धामुर्धा चालतो. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचाच्या १६,००० फुटांवर गारठलेला पाऊस झोडपतो, तिथे हेच जॅकेट पैशाचं चीज करतं. दरवर्षी हिमालयात किंवा परदेशात बाइक चालवत असाल तर ५० हजार आणि वरचा हा खर्च समजू शकतो. पुणे-गोव्यासाठी मी करणार नाही.

रेनसूटमध्येही घाम येतोच. फक्त आतलं जाळीदार जॅकेट कोरडं राहतं आणि पाऊस थांबला की सूट दोन मिनिटांत उतरतो. घेताना लेबलवरच्या १०,००० मिमी वगैरे आकड्यावर भाळू नका. तो आकडा कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं ते सांगतो, शिवण आणि झिपबद्दल काहीच सांगत नाही. सूट उलटा करून प्रत्येक शिवणीवर टेप आहे का बघा, बैठकीपाशी तर नक्कीच. झिपवर दुहेरी फ्लॅप हवा, कॉलर उंच हवी आणि पँटच्या पायाला लांब झिप हवी, म्हणजे बूट न काढता चढवता येईल. आर्मरवाल्या (कोपर-खांद्याला संरक्षक पॅड असलेल्या) जॅकेटवरून घालून, दुकानाबाहेर स्वतःच्या बाइकवर बसून बघा. हँडलला हात नेल्यावर बाही मनगटाच्या वर सरकली तर एक साइज मोठा घ्या. रंग काळा सोडून कोणताही चालेल. धुक्यात ट्रकवाल्याला आपण दिसलो पाहिजे.

वाचलेल्या पैशांतून आधी वॉटरप्रूफ ग्लव्हज आणि बुटांचं बघा, आणि हेल्मेटच्या काचेला पिनलॉक, म्हणजे वाफ धरू न देणारी आतली जादा काच, लावा. ग्लव्हजचं तोंड बाहीच्या आत घ्या, बाहेर ठेवलंत तर हातावरून ओघळणारं पाणी थेट बोटांत उतरतं. पाठीवर सॅक नको. तिचे पट्टे खांद्यावर ओलं कापड दाबून धरतात आणि बरा सूटही तिथे हार मानतो. सामान मागच्या सीटवर ड्राय बॅगमध्ये बांधा.

घरी आल्यावर सूट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, साध्या पाण्याने पुसून सावलीत टांगा. ओला घडी करून डिकीत विसरलात तर आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पाणी अडवणारा थर हळूहळू चिकट होतो आणि त्याचे पोपडे सुटू लागतात. मग टेप कितीही शाबूत असली तरी नवा सूट घ्यावा लागतो.