बर्फाची पेटी की मशीन? हार्ट लांब न्यायचं असेल तर

ट्रान्सप्लांटसाठी डोनरचं हार्ट दुसऱ्या हॉस्पिटलला न्यायची साधी पद्धत अशी, थंड सोल्युशन हार्टच्या आतून फिरवून रक्त धुवून काढायचं, मग हार्ट एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवायचं. बर्फ थेट लागू द्यायचा नाही हं, पेशी गोठून फुटतात. साधारण 4 अंशाला पेशींची भूक एकदम कमी होते, पण थांबत नाही, म्हणून हार्टला जेमतेम 4 तास मिळतात, किडनी मात्र 24 तासांच्या पुढेही तग धरते. नागपूरहून मुंबईला हार्ट आणायचं तर विमान आणि ग्रीन कॉरिडॉर याच 4 तासांसाठी असतात, रस्त्याने 800 किमी कसं जमणार!

मशीनमध्ये उलटं. डोनरचंच रक्त कोमट करून ऑक्सिजनसकट फिरवतात आणि हार्ट पेटीत चक्क धडधडत असतं, पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. वेळ तर वाढतोच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की वाटेत लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) मोजून हार्ट चालेल की नाही ते कळतं, बर्फात ते कळायला मार्गच नाही. सिडनीत 2014 मध्ये धडधड थांबलेलं हार्ट अशाच मशीनवर परत सुरू करून बसवलं.

खर्च मात्र प्रचंड, शिवाय ट्रेन्ड माणूस सोबत लागतो. म्हणून जवळच्या अंतराला बर्फच बरा, लांब असेल किंवा हार्टबद्दल शंका असेल तर मशीनच हवं.