डबल जॉइंट स्नॅफल बिट, लूज रिंग, ५ इंच: ४ स्टार

आमच्या काठियावाडी घोडीसाठी हे कानपूरचं स्टेनलेस स्टीलचं बिट (घोड्याच्या तोंडात बसणारी, लगाम जोडायची धातूची दांडी) मागवलं, रोजच्या वापरात आहे आणि मला जाम आवडलंय. आधी तिला साधं सिंगल जॉइंटचं होतं, लगाम ओढला की ते मधे दुमडतं, जीभ दोन्हीकडून चिमटली जाते आणि कधी कधी मधला सांधा टाळूला पण लागतो, त्यामुळे लगाम जरा ताणला की ती तोंड वासून डोकं वर झटकायची. ह्यात मधे गुळगुळीत मणी आहे, दोन सांधे आहेत, दाब जिभेवर पसरतो. झटकणं बरंच कमी झालंय, दुडकी चालताना बिट हळूहळू चघळत असते आणि ओठांवर पांढरा फेस येतो, म्हणजे जबडा सैल सोडलाय.

घेताना मधला तुकडा नीट बघा हं. फ्रेंच लिंक नावाच्या प्रकारात चपटी पट्टी जिभेवर सपाट बसते, डॉ. ब्रिस्टल नावाच्या प्रकारात ती तिरकी असते आणि तिची कड रुतते, फोटोत मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

मापासाठी घोड्याच्या तोंडात सुतळी धरून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर खूण करा, लूज रिंग (टोकांच्या भोकांतून मोकळी फिरणारी कडी) असेल तर त्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त घ्या. जाड बिट म्हणजे मऊ बिट असं सर्रास सांगतात, पण छोट्या तोंडात १८ एमएमचं कोंबलं तर जिभेला जागाच उरत नाही. हे १४ एमएमचं आहे, तिला बरोबर बसतं.

एक स्टार कापला तो रिंगच्या भोकांसाठी. कडा नीट घासलेल्या नाहीत, ओठाची कातडी चिमटते, रबर गार्ड वेगळे घ्यावे लागले, ते सोबतच द्यायला हवे होते.

आणि घोडा ऐकत नाही म्हणून काटेरी लगाम घेऊ नका प्लीज! पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या ज्या रिकाम्या हिरडीवर बिट बसतं तिथे कातडीखाली लगेच हाड आहे, आणि तसल्या लगामावर आपल्याकडे १९६५ च्या नियमांपासूनच बंदी आहे. त्याऐवजी डॉक्टरांकडून दात तपासून घ्या, दाढेच्या पुढे बारीकसा वुल्फ टूथ असेल तर कितीही चांगलं बिट टोचणारच.