स्पीकरच्या स्टँडआधी कान मोजला

आमच्याकडे गाणं ऐकायला कुणी सोफ्यावर बसत नाही. गादी, लोड आणि पसरलेले पाय. स्पीकर मात्र इतकी वर्षं प्लायवुडच्या शोकेसवर. डग्गा घुमला की आतल्या कपबश्या साथीला लागायच्या.

पहिला स्टँडचा जोड ऑनलाइन मागवला. २४ इंच उंच, पातळ पत्र्याचा. टिचकी मारली की खांब ठणकन वाजे, आणि वरची प्लेट स्पीकरच्या बुडाहून लहान. शेजारून चाललं तरी डुलायचा. घरात दीड वर्षाचा नातू. परत पाठवला, न्यायला माणूस अकराव्या दिवशी आला.

मग मोजायची टेप काढली. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, साधारण कानाच्या पातळीला यावा, हा मूळ हिशेब. २४ इंच हे माप खुर्ची-सोफ्यावर बसणाऱ्यांचं. लोडाला टेकलो की माझा कान जमिनीपासून ३० इंचांवर, आणि स्पीकरच्या बुडापासून ट्विटर १० इंचांवर. म्हणजे आम्हाला हवा २० इंची.

गल्लीतल्या ग्रिलवाल्याला कागदावर काढून दिलं: ३ इंची चौकोनी पाइप, खाली ६ मिमीची फूटभर प्लेट, वर स्पीकरच्या मापाची. तो म्हणाला, "काका, यावर पाण्याची टाकी ठेवताय का?" खाली चारऐवजी तीनच बोल्ट लावायला सांगितले, एक पुढे, दोन मागे. आमची शहाबादी फरशी कुठेच सपाट नाही. चार पायांतला एक कायम अधांतरी राहतो, तीन मात्र टेकतातच. बोल्टखाली जुनी जाड पाच रुपयांची नाणी ठेवली, फरशीला ओरखडे नकोत म्हणून.

खांब ठणकू नये म्हणून आत भरायची वाळू गच्चीवर तीन दिवस वाळवली. ओली भरली तर पाइप आतून गंजणार. कॅलेंडरच्या पानाचं नरसाळं करून प्रत्येक खांबात चारेक किलो ओतली. आता टिचकीला नुसतं 'ठप'. स्पीकर सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांना रबरी चकत्या.

पहिले दोन दिवस आवाज मला किडकिडीत वाटला, खरं सांगतो. शोकेसचा आणि मागच्या भिंतीचा उसना खर्ज गेला होता. भिंतीपासून दीड फुटावर होते, ते फूटभरावर आणले आणि जमलं. तिसऱ्या दिवशी डग्ग्यावरची मींड पहिल्यांदा नीट कळली. आधी तिथे नुसता गडगडाट असायचा.

वेल्डिंग ओबडधोबड आहे, रंगाचा वास आठवडाभर गेला नाही, आणि झाडणाऱ्या मावशी स्टँडला 'तुमचे ते दगड' म्हणतात. वायर लपवायला सोय ठेवायचं मीच विसरलो. जावई आले की खुर्ची मागतात. मग पुढचा बोल्ट दहाएक आटे फिरवतो, स्पीकर मान वर करून त्यांच्याकडे बघतो.