श्वान निर्बीजीकरण केंद्र, एक महापालिका: थिएटरला चार तारे, मागच्या वॉर्डाला एकही नाही

केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. मांडणी इतकी ठरावीक आहे की वाचणाऱ्याला आपल्याच गावचं वाटेल: गेटला लागून ऑफिस, त्यामागे ऑपरेशन थिएटर आणि सगळ्यात मागे पत्र्याच्या शेडखाली पिंजऱ्यांच्या रांगा. पाहुणे आले की त्यांना थिएटर दाखवतात.

थिएटर खरंच चांगलं आहे. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, चालू आहे आणि वजनकाटाही चालू आहे. काटा बंद पडला की झायलाझिन-केटामीन या भुलीच्या औषधांचा डोस अंदाजाने भरतात आणि तिथेच कुत्री दगावतात, म्हणून काट्याचं एवढं कौतुक. ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवणं, रेबीजची लस, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला इंग्रजी व्हीसारखी खाच, सगळं पद्धतशीर. खोट एकच. भूल उतरेपर्यंत कुत्र्याला उघड्या टाइल्सवर आडवं टाकतात. भूल दिलेल्या जनावराला अंगाची ऊब राखता येत नाही. खाली एक कोरडं गोणपाट घातलं तरी काम भागतं, पण तेवढंही इथे नाही.

आता मागचा वॉर्ड. पिंजरे दिवसातून एकदा पाइपने धुतात, तेही कुत्रं आत असताना. फरशीला उतार नाही, त्यामुळे पाणी कोपऱ्यात साचतं आणि ताज्या टाक्यांचं कुत्रं त्यातच बसतं. ओलं पोट, चाटणं आणि एका पिंजऱ्यात तीन-तीन कुत्र्यांची मारामारी एवढं जमलं की टाके सुटायला वेळ लागत नाही. मादीचे पोटाचे टाके सुटले तर आतडी बाहेर येऊ शकतात. रात्री बघायला कोणी नसेल तर ते सकाळीच कळतं.

पाण्याची भांडी अॅल्युमिनियमची, हलकी, जाळीला न अडकवलेली. पहिल्या तासातच उपडी होतात. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याहून जास्त. जाळीला हुकाने अडकवायचं जड भांडं काही महाग नसतं.

फिनेलचा वास मात्र गेटपासून येतो. स्वच्छता झाली असं वाटायला तो पुरतो, पण फिनेलने पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा, विषाणू मरत नाही आणि तो फरशीवर महिनोन्महिने टिकतो. त्यासाठी आधी घाण धुवून काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) आणि तीस भाग पाणी असं द्रावण टाकून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. नव्याने पकडून आणलेली कुत्री वेगळी ठेवायला जागा नाही, म्हणजे एक आजारी आलं की अख्ख्या रांगेला लागण.

हे असं का होतं, ते कंत्राट वाचलं की कळतं. ठेकेदार संस्थेला पैसे मिळतात ते ऑपरेशनमागे. टाके घातले की बिल तयार. पुढच्या दिवसांचा भात, कोंबडीचे पाय, अँटिबायोटिक, रात्रपाळीचा माणूस हा सगळा तिच्या दृष्टीने निव्वळ खर्च. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडा संकुलं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा तिथे सोडू नका. चार-पाच दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या पिंजऱ्यांत आता कायमचे रहिवासी आलेत. कंत्राट मात्र जुनंच.

जबाबदारी कोणाची, हे विचारलं की ठेकेदार पालिकेकडे बोट दाखवतो आणि पालिका ठेकेदाराकडे. कायद्यात इतका घोळ नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०च्या व्याख्येत ज्याच्या ताब्यात जनावर आहे तोही मालक, आणि मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा कलम ११चा गुन्हा. फक्त पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथे जाणूनबुजून मारलं किंवा जायबंदी केलं हे सिद्ध करावं लागतं. निष्काळजीपणा त्यात सहज बसत नाही. म्हणून खरी पकड कागदावर ठेवावी लागते.

इथलं रजिस्टर उघडलं तर आवक, ऑपरेशन, सोडल्याची तारीख हे रकाने भरलेले आणि 'मृत' हा रकाना पानामागून पान कोरा. रस्त्यावरची, अर्धी गोचिडांनी आणि खरजेने पोखरलेली कुत्री महिनोन्महिने आणायची आणि त्यांतलं एकही मरत नाही, असा दवाखाना माणसांचाही नसतो. हिशोब सोपा आहे: मागची शिल्लक अधिक आवक बरोबर सोडलेली अधिक मेलेली अधिक आज पिंजऱ्यात असलेली. पिंजरे स्वतः मोजा. दुसरी पडताळणी फॉर्मेलिनच्या, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रावणाच्या, ड्रमची. काढलेले अवयव देखरेख समितीने मोजेपर्यंत त्यात ठेवायचे असतात. चाळीस नर आणि साठ माद्यांचं बिल असेल तर ऐंशी अंडकोष आणि एकशे वीस बीजांडं निघाली पाहिजेत.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर, दीडशे शब्दांत, एकाच विषयावर करा. 'केंद्राची सर्व माहिती' असं मोघम मागू नका. एका ठरावीक महिन्याचं आवक-जावक रजिस्टर, त्याच महिन्याचं मंजूर बिल आणि देखरेख समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. सोबत 'कामाची व दस्तऐवजांची प्रत्यक्ष पाहणी' हे शब्द घाला, म्हणजे ड्रमपर्यंत जाता येतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. सीसीटीव्हीचं चित्रण हवं असेल तर तारीख-वेळ लिहून लगेच मागा, जुन्यावर नवं चढत जातं. इथे वॉर्डात एकच कॅमेरा आहे आणि त्याचं तोंड दाराकडे आहे.

पाहणीला जायचं तर सोमवारी सकाळी, पाइप सुरू व्हायच्या आत जा. रविवारी सफाईवाल्याची सुट्टी असते.