१ मिलिग्रॅमचा काटा: ३ स्टार, तेही पंखा बंद असेल तर

अमळनेरला काकांचं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे, त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवला. ५० ग्रॅमपर्यंत तोलतो, दशांशानंतर ३ आकडे, सोबत २० ग्रॅमचं वजन आणि चिमटा. सेल बॉक्समध्ये नाहीत, आपले आपण आणा.

पहिल्याच दिवशी नथ ठेवली, ३.४१२. उचलून परत ठेवली, ३.४१७. जरा कडेला सरकवली तर ३.४०९. काका म्हणे, "हाई काय शे भो, नथ वाढी राहिनी का?"

मी एमेस्सी फिजिक्स, त्यामुळे डोक्यात भलतंच आलं. इलेक्ट्रॉनचा चार्ज एका बाजूला किंचित सरकलेला आहे का हे रेणू वापरून मोजतात, २०२३ ला अमेरिकेत बोल्डरच्या जिला (JILA) लॅबने हाफनियम फ्लोराइडच्या आयनांवर, म्हणजे चार्ज असलेल्या रेणूंवर, केलं. रेणूच्या आत इलेक्ट्रॉनला सेंटिमीटरला २३ अब्ज व्होल्ट एवढं विजेचं फील्ड मिळतं, बाहेरून कुठल्याच मशीनने तेवढं स्थिर फील्ड देता येत नाही. सरकलेपणा सापडला नाही, असलाच तर ४.१ गुणिले १० चा उणे ३० वा घात याच्या आत, युनिट इलेक्ट्रॉनचा चार्ज गुणिले सेंटिमीटर. म्हणजे दशांशचिन्हानंतर २९ शून्यं आणि मग ४१! आणि इकडे आमची नथ तिसऱ्या आकड्यावरच नाचतेय.

पण त्यांची खरी करामत आकड्यात नाही, उलटं करून बघण्यात आहे. विरुद्ध दिशांना तोंड केलेले आयनांचे दोन गट एकाच वेळी मोजायचे आणि फरक घ्यायचा, म्हणजे दोघांत सारखी घुसलेली गडबड कटते. आमच्या आजोबांच्या तराजूत पारडी अदलाबदल करून तोलायचे, तेच हे. शिवाय खऱ्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतात, सगळा हिशोब पक्का झाल्यावरच काढतात, नाहीतर माणूस मनासारखं उत्तर येईपर्यंत चुका शोधत बसतो.

मग आम्हीपण केलं. रिकामं, नथ, रिकामं, असं १० वेळा, दर वेळी नथ अर्धी फिरवून, आणि चुलतभाऊ एकटाच आकडे बघून लिहिणार, काकांना शेवटी दाखवणार. सरासरी ३.४१ वर पक्की, पुढचा आकडा नुसता शोभेचा. पंखा चालू असताना रिकामा काटासुद्धा ५ मिनिटांत ०.००६ दाखवायला लागतो, बंद केला की ०.००१ वर गप्प. आता मे महिन्यात अमळनेरला पंखा बंद करून कोण तोलणार, घामच पडायचा पारड्यात.

विकणाऱ्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं, कॅलिब्रेट करा. केलं, ३ वेळा. फरक शून्य. वाऱ्यासाठी दिलेलं झाकणही नीट बसत नाही.

चांदीच्या पैंजणांना ठीक आहे. परत नाही केला, पण काकांनी डिस्प्लेच्या शेवटच्या आकड्यावर चिकटपट्टी लावून टाकलीय.